बोटीत पेट्रोल भरताना ठिणगी येते कुठून?

पेट्रोल भरताना कोणी विडी पेटवत नाही. पण नळीतून, गाळणीतून इंधन वाहिलं की त्यात स्थिर वीज तयार होते, आणि ती दिसत नसल्यामुळे विसरली जाते. पेट्रोलची वाफ पेटायला पाव मिलिज्यूलच्या आसपास ऊर्जा पुरते. दाराच्या कडीला हात लावताना कधीकधी जो झटका जाणवतो, त्यात याहून जास्त असते.

“गोव्याची हवा दमट, इथे कसली आलीय स्थिर वीज?” असं मालिमपासून बेतुलपर्यंत ऐकू येतं. अंगावरच्या कपड्यांपुरतं ते बरंचसं खरं आहे. इंधनातला विजेचा भार मात्र नळीच्या आणि टाकीच्या आत तयार होतो. तिथे बाहेरच्या दमटपणाचा उपयोग नाही.

आउटबोर्डची (बोटीच्या मागे बाहेर लावलेल्या इंजिनची) सुटी टाकी किंवा कॅन बोटीत ठेवून भरू नका. उचलून धक्क्यावर, थेट जमिनीवर ठेवा. पिकअपच्या हौद्यात प्लास्टिकवर ठेवलेला कॅनही नको. पंपाचं नोझल कॅनच्या काठाला शेवटच्या थेंबापर्यंत टेकलेलं हवं, आणि सुरुवातीला धार बारीक ठेवा. बोटीतच भरलं तर वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे तळात जाऊन बसते, ही आणखी एक भानगड.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते नरसाळ्याकडे. पाणी अडवायला त्यात बारीक कापड लावतात, आणि जितकी गाळणी बारीक तितका भार जास्त. मग पत्र्याचं नरसाळं आणलं की झालं, असंही नाही. प्लास्टिकच्या कॅनमध्ये अधांतरी बसलेला पत्रा भार साठवतो आणि दुसरा धातू जवळ आला की एका झटक्यात सोडतो. हे प्लास्टिकच्या नरसाळ्यापेक्षाही वाईट. पाण्यासाठी फिल्टर इंजिनच्या लाइनवरच बसवून घ्या. ओतावंच लागलं तर पत्र्याचं नरसाळं आणि बोटीच्या टाकीचा धातू क्लिपच्या तारेने जोडा. झाकण उघडण्याआधी तार लावायची, बंद केल्यावर काढायची.

फायबरच्या बोटीत डेकवरचं भरण्याचं तोंड आणि खालची टाकी यांच्यामध्ये रबरी नळी असते, म्हणून दोन्हींना जोडणारी तार लागते. खाऱ्या हवेत तिची टोकं हिरवी पडतात. वरून तार धडधाकट दिसते, मल्टीमीटर लावला की आवाजच येत नाही, म्हणजे तारेतून वीज जातच नाही.

ट्रॉलरवाल्यांनो, डिझेलची वाफ सहसा पेटण्याइतकी होत नाही. पण १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ चं, कमी गंधकाचं डिझेल आलं. गंधक काढताना वीज वाहून नेणारे घटकही कमी होतात आणि भार टिकून राहतो. म्हणून टाकी भरल्या भरल्या माप घ्यायला लोखंडी सळई बुडवू नका. आधी पेट्रोल असलेल्या टाकीत डिझेल भरायचं असेल तर पहिल्यांदा आम्हा बोट-दुरुस्तीवाल्यांना दाखवा.

भरताना इंजिन, गॅस बंद आणि खालच्या केबिनची झापं लावलेली. भरून झाल्यावर सगळं उघडा, ब्लोअर (तळातली हवा बाहेर काढणारा पंखा) निदान चार मिनिटं चालवा, तळाशी वास घ्या, मगच स्टार्टर मारा.

१ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत ट्रॉलर उभेच असतात. तेव्हा भरण्याचं तोंड आणि टाकी जोडणारी तार तपासून घ्या. मीटर लावण्याचे आम्ही पैसे घेत नाही. तार बदलावी लागली तर फक्त सामानाचे.