जुनी मोटारसायकल रिच चालते आहे? जेट बदलण्याआधी एवढं वाचा

ग्राहकहो,

जुनी गाडी काळा धूर सोडू लागली, अ‍ॅव्हरेज घसरलं, आठवड्याला प्लग काळा पडू लागला की बहुतेकांना एकच सल्ला मिळतो: ‘मेन जेट एक नंबर लहान टाका.’ गाडी रिच चालते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातं, म्हणून कार्ब्युरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा भाग, म्हणजे जेट, लहान करायचा. हा सल्ला आम्हाला पटत नाही. तुमची गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यातले जेट बरोबर होते. तेव्हापासून काहीतरी झिजलं आहे, तुंबलं आहे, अडकलं आहे किंवा कुणीतरी बदललं आहे. ते शोधलं तर गाडी पूर्ववत होते. ते न शोधता जेट लहान केला तर मूळ दोष तसाच राहतो आणि त्यात दुसरा जमा होतो.

आमच्याकडे आलेली एक ३५० सीसीची एकसिलिंडर गाडी अजून आठवते. ती रिच चालते म्हणून तिचा मेन जेट तीनदा लहान करून झाला होता. खरा दोष नीडल जेटमध्ये, म्हणजे निमुळती सुई (नीडल) ज्यात वर-खाली होते त्या जेटमध्ये होता, त्याचं भोक झिजून लंबगोल झालं होतं. अर्ध्या थ्रॉटलला गाडी तशीच धुरकट राहिली आणि एका लांब चढावर, पूर्ण थ्रॉटलला, पेट्रोल कमी पडून पिस्टन जाम झाला. रिच मिश्रणाने प्लग खराब होतो, लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेल्या, मिश्रणाने इंजिन जातं. हे पत्रक आम्ही त्या गाडीमुळे लिहिलं.

आधी खात्री करा

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते. ताकद हवी असते तेव्हा मिश्रण मुद्दाम १२.५ ते १३ पटीपर्यंत दाट ठेवतात, म्हणजे थोडं रिच असणं हा दोष नव्हे. हवा त्याहून बरीच कमी पडली की पेट्रोल अर्धवट जळतं आणि काजळी धरते.

सगळ्यात भरवशाची खूण अशी: गाडी थंड असताना छान चालते, तापली की गुदमरते. थंड इंजिनला दाट मिश्रण लागतंच, म्हणून तोवर दोष झाकला जातो. चोक (थंड इंजिनला दाट मिश्रण देणारी सोय) थोडा ओढल्यावर चाल आणखी बिघडली तर संशय पक्का होतो. दुसरी चाचणी मोकळ्या, सरळ रस्त्यावर करा. एकाच वेगात जात असताना पेट्रोलचा कॉक बंद करा. फ्लोट चेंबरमधली, म्हणजे कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्यातली, पातळी उतरू लागली की क्षणभर इंजिनचा आवाज मोकळा झाला, गाडी हलकी झाल्यासारखी वाटली, तर ती रिचच आहे. कॉक लगेच पुन्हा उघडा.

धुराचा रंगही बघा. काळा धूर पेट्रोलचा, निळसर धूर ऑइलचा. प्लगवर कोरडी, मखमली, बोटाला लागणारी काजळी असेल तर मिश्रण दाट आहे. काजळी ओलसर, चकाकणारी आणि चिकट असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड बघायला हवेत, कार्ब्युरेटरला हात लावून उपयोग नाही. टू-स्ट्रोक गाडीत क्रँकचं सील गेलं तर प्रायमरीतलं (इंजिन ते क्लच जोडणाऱ्या भागातलं) ऑइल आत ओढलं जातं, तेव्हाही प्लग असाच होतो.

टू-स्ट्रोकवाल्यांचा एक गैरसमज इथेच दूर करतो. पेट्रोलमध्ये ऑइल जास्त घातलं तर मिश्रण रिच होत नाही. जेटमधून जाणाऱ्या द्रवात पेट्रोलचा वाटा कमी होतो, म्हणजे हवेच्या हिशेबात मिश्रण उलट लीन होतं. धूर वाढतो तो ऑइलचा.

कुठल्या थ्रॉटलला रिच?

हा प्रश्न सुटला की अर्धं काम झालं. ग्रिपवर आणि शेजारच्या स्थिर भागावर चिकटपट्टीचे तुकडे लावून बंद, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा करा. स्पीडोमीटर बघू नका, गिअरही महत्त्वाचा नाही, थ्रॉटल किती उघडा आहे एवढंच बघा.

बंद ते एक-अष्टमांशापर्यंत पायलटचं, म्हणजे कमी थ्रॉटलला पेट्रोल देणाऱ्या छोट्या जेटचं, राज्य असतं. एक-अष्टमांश ते पाव स्लाइडच्या (थ्रॉटलसोबत वर-खाली होणाऱ्या झडपेच्या) कटअवेचं, म्हणजे तिच्या तळाच्या तिरक्या कापाचं, पाव ते पाऊण नीडल आणि नीडल जेटचं, त्यापुढे मेन जेटचं. सीमा थोड्या एकमेकांत मिसळतात, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. सगळीकडेच रिच असेल तर दोष या चौघांत नसतो. मग चोक, फ्लोट आणि एअर फिल्टर बघायचे, आणि तेही याच क्रमाने, कारण त्यांना खर्च कमी आणि वेळ थोडा लागतो.

चोक

चोक दोन प्रकारचे असतात आणि त्यांच्या केबलचा दोष बरोबर उलटा दिसतो. जुन्या अमल कार्ब्युरेटरमध्ये हवेची वेगळी स्लाइड असते. केबल तिला वर ओढते, स्प्रिंग खाली ढकलते. केबल सैल पडली किंवा तुटली की स्लाइड हवेच्या वाटेत लोंबकळते आणि गाडी सतत अर्ध्या चोकवर चालते. मिकुनीच्या अनेक कार्ब्युरेटरांत मात्र चोक म्हणजे पेट्रोलची जादा वाट उघडणारा प्लंजर असतो. तिथे केबल जास्त ताणलेली असेल तर प्लंजर पूर्ण बसत नाही. लिव्हर बंद केल्यावर केबलमध्ये किंचित ढील राहायला हवी. प्लंजरच्या तळाचं रबर कडक होऊन त्यावर खोल कडी उमटली असेल तरी पेट्रोल झिरपतं.

फ्लोट

फ्लोट चेंबरमधल्या पेट्रोलवर तरंगतो आणि पातळी पुरेशी झाली की सुईने पेट्रोलची वाट बंद करतो. चेंबरमधली पातळी वाढली की पेट्रोल जेटमधून सहज वर चढतं आणि सगळ्या थ्रॉटलला मिश्रण दाट होतं. गाडी उभी असताना कार्ब्युरेटर ठिबकत असेल तर उत्तर जवळपास मिळालंच, पण न ठिबकताही पातळी चार-दोन मिलिमीटर वर असू शकते.

फ्लोटची सुई काढून तिचं टोक उजेडात धरा. निमुळत्या भागावर नखाला अडकेल अशी गोल खाच दिसली तर सुई बदला, शक्य असेल तर ती जिथे बसते ती सीटही. घासून सारखी करण्याचा प्रयत्न करू नका.

पितळी फ्लोट असेल तर तो कानाजवळ धरून हलवा. फ्लोटला भोक पडलं असेल तर आत शिरलेलं पेट्रोल डुचमळल्याचा आवाज अगदी स्पष्ट ऐकू येतो. आवाज आला नाही तरी फ्लोट गरम पाण्यात बुडवून बघा. आतली हवा फुगते आणि सुईच्या टोकाएवढ्या भोकातूनही बुडबुड्यांची बारीक माळ वर येते. तिथे खूण करा. आत शिरलेलं पेट्रोल पूर्ण काढून, फ्लोट नीट वाळवूनच डाग द्यायचा, कारण आत पेट्रोलची वाफ असताना उष्णता दिली तर फ्लोट फुटतो. आणि डाग अगदी पातळ हवा. कथलाचा जाड गोळा बसला की फ्लोट जड होतो, पेट्रोलमध्ये जास्त बुडतो, सुई उशिरा बंद करतो आणि दुरुस्त केलेली गाडी आधीसारखीच रिच राहते. असे फ्लोट आम्ही पुष्कळ पाहिले आहेत, म्हणून डाग दिल्यावर त्याच मापाच्या चांगल्या फ्लोटशी वजन ताडून बघतो.

चेंबरच्या तळाला ड्रेन असेल तर पारदर्शक नळी जोडून ती चेंबरच्या बाजूने वर धरा. कॉक उघडल्यावर नळीतलं पेट्रोल जिथे थांबतं तीच आतली पातळी. ती गाडीच्या पुस्तकातल्या मापाशी जुळवा.

नीडल आणि नीडल जेट

पाव ते पाऊण थ्रॉटलला, म्हणजे रोजच्या चालीतच गाडी रिच असेल, तर आमचा पहिला संशय इथे. नीडल चालत्या गाडीत सतत थरथरते आणि मऊ पितळी जेटच्या कडेला घासते. पेट्रोल वर येतं ते नीडलभोवतीच्या अतिशय बारीक फटीतून, त्यामुळे इंचाच्या एक हजारांशाची झीजही चालीत जाणवते. अमलच्या फोर-स्ट्रोक गाड्यांत सर्रास असणारा नीडल जेट १०६ क्रमांकाचा, म्हणजे ०.१०६ इंचाचा असतो. झिजून तो १०७ झाला की गाडी रिच. असा फरक डोळ्यांना दिसत नाही. बरीच वर्षं चाललेल्या गाडीत नीडल आणि जेट जोडीने बदलावेत.

नीडलची क्लिप एक खाच वर सरकवली की नीडल खाली उतरते आणि मिश्रण लीन होतं. झीज लपवायला ही युक्ती वापरतात, पण झिजलेल्या जेटवर ती पूर्ण चालत नाही.

हवेची वाट

तुंबलेला फिल्टर सगळ्यांना माहीत असतो, ऑइलने थबथबलेला फोमचा फिल्टर मात्र नजरेतून सुटतो. तो पिळून जेमतेम ओलसर राहायला हवा. कार्ब्युरेटरच्या आतल्या हवेच्या बारीक वाटाही बघा. पेट्रोलचे जेट सगळे साफ करतात, हवेची भोकं विसरतात. पायलटची हवा बुजली की आयडलिंग दाट होतं. ही भोकं दाबाच्या हवेने साफ करा. तार कधीही घालू नका, कारण तारेने रुंदावलेला जेट दिसायला तसाच, क्रमांकही तोच, पण पेट्रोल जास्त सोडतो.

गाडी उंच प्रदेशात नेल्यावर रिच झाली असेल तर तिच्यात बिघाड नाही. दर १००० मीटरला हवा साधारण १० टक्के विरळ होते. मुक्काम लांबणार असेल तेव्हाच जेट बदलावा, आणि खाली उतरण्याआधी जुना परत बसवावा.

पायलटचा स्क्रू फिरवण्याआधी तो कुठे आहे ते बघा. फिल्टरच्या बाजूला असेल तर साधारणपणे तो हवेचा असतो, बाहेर काढला की मिश्रण लीन होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर तो मिश्रणाचा, बाहेर काढला की रिच.

ठिणगी कमजोर असेल तर

कार्ब्युरेटर निर्दोष असूनही प्लग काळा होतो, कारण कमजोर ठिणगीने मिश्रण पूर्ण जळत नाही. पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) जळलेले, त्यांचं अंतर चुकलेलं, कंडेन्सर गेलेला किंवा टायमिंग मागे पडलेलं असू शकतं. पॉइंटचं अंतर अनेक जुन्या गाड्यांत ०.३५ ते ०.४० मि.मी. असतं, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडाच खरा धरा. दोन सिलिंडरच्या गाडीत एकच प्लग काळा होत असेल तर आधी प्लग अदलाबदल करून बघा.

प्लगची जातही तपासा. प्लगचं टोक साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसला पोचलं की स्वतःची काजळी जाळतं. फार थंड जातीचा प्लग तिथवर तापतच नाही. क्रमांकांत फसायला होतं: एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड, बॉश आणि चॅम्पियनचा वाढला की गरम.

तोवर काळजी

इंजिन ऑइलची पातळी न भरता वाढली असेल किंवा ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी चालवू नका. पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं आणि बेअरिंगनाही पातळ ऑइल मिळतं. आधी दोष काढा, मग ऑइल बदला. गाडी उभी करताना कॉक बंद करा. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नका, रिच मिश्रणाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड फार असतो आणि त्याला वास नसतो.

आमच्याकडे आणताना

प्लग साफ करून आणू नका, आम्हाला तो काळाच हवा आहे. एअर फिल्टर लावलेला असू द्या. कुणी जेट, नीडल किंवा प्लग बदलला असेल तर जुने भाग टाकून न देता सोबत आणा. आणि गाडी कुठल्या थ्रॉटलला, थंड की गरम असताना बिघडते ते एका कागदावर लिहून टाकीला चिकटवा.