तान्ह्या बाळाचे कुंथणे आणि ‘बद्धकोष्ठता’ : पार्श्वभूमी

दीड महिन्याचे बाळ. चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी घेतलेले. दहा-पंधरा मिनिटे कुंथते, कळवळून रडते, घरातले सगळे पाळण्याभोवती गोळा होतात. मग अचानक सगळे शांत होते आणि लंगोटात दिसते मऊ, पिवळी, जवळजवळ पातळ शी. तरीही ‘बाळाला बद्धकोष्ठ झालंय’ हे वाक्य तोवर ठरून गेलेले असते आणि त्यामागोमाग उपायही.

वैद्यकाच्या भाषेत ही बद्धकोष्ठता नाही. बद्धकोष्ठता ठरते शीच्या कठीणपणावरून. कुंथण्यावरून किंवा रडण्यावरून नव्हे. हा फरक निकष म्हणून कागदावर आला तो १९९९ मध्ये. पोटाच्या कार्यात्मक तक्रारींसाठी, म्हणजे तपासणीत कोणताही बिघाड न सापडणाऱ्या तक्रारींसाठी, रोम शहराच्या नावाने ओळखले जाणारे निकष आहेत. त्यांच्या दुसऱ्या आवृत्तीत पहिल्यांदाच लहान मुलांचा स्वतंत्र विचार झाला आणि तान्ह्यांच्या या कुंथण्याला वेगळे नाव मिळाले : इन्फंट डिस्केझिया. मराठीत त्याला रुळलेला शब्द अजून नाही, आणि गोंधळाचे निम्मे मूळ तिथेच आहे असे मला वाटते. शब्द नसला की जवळचा शब्द लावला जातो. जवळचा शब्द होता बद्धकोष्ठ, आणि त्या शब्दाबरोबर औषध येतेच.

त्या निकषांमागची कल्पना साधी आहे. शी व्हायला दोन गोष्टी एकाच वेळी घडाव्या लागतात : पोटातला दाब वाढायला हवा आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडायला हवेत. मोठ्यांना हे नकळत जमते. तान्ह्याला दाब वाढवता येतो, पण त्याच क्षणी खालचे स्नायू सैल सोडणे त्याला अजून साधलेले नसते. दाब वाढवायचे त्याच्याकडचे हुकमी साधन म्हणजे रडणे. म्हणजे ते रडणे वेदनेचेच असेल असे नाही. ते कामाचाच भाग असते. काही आठवड्यांत ताळमेळ बसतो आणि प्रकार आपोआप थांबतो. १९९९ च्या व्याख्येत वय सहा महिन्यांपर्यंत होते, कुंथणे-रडणे किमान दहा मिनिटांचे आणि शेवटी होणारी शी मऊ. उपाय : काहीही न करणे.

खरा वाद उभा राहिला तो या ‘काहीही न करणे’मधल्या एका सूचनेवरून. थर्मामीटरचे टोक, तेल लावलेला कापूस किंवा ग्लिसरीनची कांडी गुदद्वाराशी लावून शी ‘काढू’ नये, असे त्या तज्ज्ञांनी सांगितले. कारण दिले ते असे, की बाळाला जे स्वतः शिकायचे आहे त्यात बाहेरचा स्पर्श अडथळा आणतो आणि पुढे ते त्या स्पर्शाची वाट पाहू लागते. तर्क पटण्याजोगा आहे. मात्र तो बहुतांशी तर्कच आहे. मोठ्या चाचण्यांचा भक्कम आधार त्यामागे नाही. रात्री तीन वाजता रडणारे बाळ कांडी लावताच शांत झालेले पाहणाऱ्या आईला हा तर्क पोकळ वाटला, तर तिला दोष देता येत नाही.

पुढे २००६ मध्ये तिसरी आणि २०१६ मध्ये चौथी आवृत्ती आली. चौथ्या आवृत्तीने दोन बदल केले. वयाची मर्यादा नऊ महिन्यांवर गेली आणि कुंथून शेवटी शी झालीच नाही, तरी तो प्रकार व्याख्येत बसू लागला. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात जुन्या व्याख्येप्रमाणे एक महिन्याच्या बाळांपैकी ३.९ टक्के आणि तीन महिन्यांच्या बाळांपैकी ०.९ टक्के या गटात आली होती. शी न होता नुसते कुंथणारी बाळे धरली की आकडा कितीतरी फुगतो. बाळे तीच, व्याख्या बदलली. नाव देणे योग्यच होते. त्यामुळे कित्येक बाळांचे औषध वाचले. पण नऊ महिन्यांपर्यंतची ताणाताणी मला पटत नाही. सहाव्या महिन्यानंतर वरचे अन्न सुरू होते, तेव्हाच खडा होण्याचे दिवस येतात. त्या वयातल्या खऱ्या बद्धकोष्ठतेची सुरुवात या सैल व्याख्येआड लपू शकते.

दुसरा गुंता आकड्यांचा. बद्धकोष्ठतेच्या निकषांत ‘आठवड्यात दोन किंवा त्याहून कमी वेळा शी’ असा एक मुद्दा आहे. अंगावर पिणारे बाळ दीड महिन्यानंतर पाच-सात दिवस, कधी त्याहूनही जास्त, शी न करता मजेत राहू शकते आणि मग एकदम मऊ शी करते. निकषांना एकाहून अधिक लक्षणे लागतात, म्हणून एवढ्यावरून निदान होत नाही. पण आकडा एकदा छापला गेला की तेवढाच लक्षात राहतो.

‘रोज व्हायलाच हवी’ हा आग्रह मात्र या निकषांहून खूप जुना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेत एक सिद्धान्त जोरात होता : आतड्यात साठलेला मळ शरीरात विष सोडतो. १९१९ मध्ये या समजाचा पायाच ढासळवणारा लेख प्रसिद्ध झाला. मोठ्या आतड्याच्या शेवटी कापूस भरला तरी तीच डोकेदुखी, तीच मरगळ येते, मग विष कुठले? पण सवयी राहिल्या. १९१४ च्या अमेरिकी सरकारी बालसंगोपन पुस्तिकेत तिसऱ्या महिन्यापासून, शक्य तर त्याआधीच, शीची वेळ लावायला सांगितले होते. पुढच्या आवृत्त्यांत वय आणखी खाली आले. बाळ ठरल्या वेळी करेना, की साबणाची कांडी. मान सावरत नसलेल्या जिवाकडून घड्याळाच्या काट्यावर शीची अपेक्षा! १९४० च्या दशकात हा सल्ला मऊ झाला.

पोटात देण्याच्या उपायांचा इतिहास म्हणजे मागे घेतलेल्या उपायांची रांग आहे. कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार, रेचक म्हणून आणि दात येतानाच्या भुकटीत दिला जाई. हातपाय गुलाबी होऊन सोलवटणारा, उजेड सहन न होऊ देणारा आजार त्यातून होतो हे १९४० च्या दशकात उमगले आणि ब्रिटनमध्ये १९५४ मध्ये त्या भुकट्या बंद झाल्या. खनिज तेल श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाचा दाह होतो हे १९२५ पासून ठाऊक आहे. मध पोट मऊ करतो म्हणून चाटवला जाई. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात तान्ह्यांचा बोट्युलिझम, म्हणजे जिवाणूंच्या विषाने स्नायू लुळे पाडणारा आजार, ओळखला गेला आणि मधातले जिवाणूंचे बीजाणू हे त्याचे एक कारण ठरले. या आजाराचे पहिले लक्षण बहुतेकदा बद्धकोष्ठताच असते, नंतर चोखणे मंदावते आणि मान लुळी पडते. म्हणून वर्षाच्या आत मध नाही. फॉस्फेटच्या एनिमाने तान्ह्यांच्या रक्तातले क्षार बिघडतात, तोही दोन वर्षांखाली वर्ज्य.

टिकलेल्यांत लॅक्ट्युलोज, म्हणजे न पचणारी एक साखर, आहे. १९५७ मध्ये ते बाटलीवरच्या बाळांच्या आतड्यात अंगावर पिणाऱ्या बाळांसारखे जिवाणू वाढावेत म्हणून वापरून पाहिले गेले, आणि शी मऊ होते हा गुण त्यानंतर हाताशी आला.

बाटलीवरच्या बाळांना खडा जास्त होतो, त्याचे खापर वर्षानुवर्षे दुधात घातलेल्या लोहावर फुटले. तुलनात्मक अभ्यासांत नेहमीच्या मात्रेतल्या लोहाने तसा फरक दिसला नाही. जास्त पटणारे कारण चरबीत आहे. अंगावरच्या दुधात पामिटिक आम्ल, म्हणजे चरबीचा एक घटक, बहुतांशी चरबीच्या रेणूच्या मधल्या जागी असते आणि तसेच शोषले जाते. पाम तेलाच्या पावडर-दुधात ते कडेला असते, पचनात सुटे होते आणि कॅल्शियमशी जुळून आतड्यात चक्क साबण तयार होतो. तो विरघळत नाही, शी घट्ट करतो. पावडर मापापेक्षा जास्त पडली तरी हेच भोगावे लागते. सहा महिन्यांआतल्या बाळाला वरचे पाणी देणे हा त्यावरचा उपाय नाही. रक्तातले सोडियम उतरून झटके येऊ शकतात.

एक आजार मात्र या सगळ्याहून वेगळा ठेवायला हवा. १८८६ मध्ये एका डॅनिश बालरोगतज्ज्ञाने बर्लिनमध्ये दोन बाळांची हकिकत मांडली. जन्मापासून शी अडलेली, मोठे आतडे प्रचंड फुगलेले. आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशीच नसतात, हे कारण नंतर कळले. तो भाग काढण्याची शस्त्रक्रिया १९४८ मध्ये आली. साधारण ५,००० जन्मांत एका बाळाला हा आजार असतो. जन्मानंतरची पहिली काळी शी ४८ तासांत न होणे, पोट ताठ फुगणे, हिरवी उलटी या त्याच्या खुणा. अशा बाळाला तपासताना गुदद्वारात बोट घातले की अडलेली शी आणि वारा एकदम जोरात बाहेर पडतो. घरी थर्मामीटर लावला तरी असेच घडू शकते, पोट उतरते, सगळे निर्धास्त होतात, आणि निदान आणखी काही आठवडे लांबते.