बारावीच्या निकालानंतर: गुणपडताळणी, छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज

अपेक्षेपेक्षा फार कमी गुण पडले की घरात आधी रडारड होते आणि मग धावपळ. त्यात अर्जाची मुदत निघून गेली असे दरवर्षी अनेकांच्या बाबतीत घडते, म्हणून मुदतीचे आधी सांगते. 2025 मध्ये निकाल 5 मे रोजी लागला आणि गुणपडताळणी व छायाप्रतीसाठी 6 ते 20 मे एवढाच अवधी होता. तुमच्या वर्षीच्या तारखा महाराष्ट्र राज्य मंडळाच्या निकालाच्या प्रकटनातच पाहा.

मार्ग दोन आहेत. गुणपडताळणीत फक्त बेरीज आणि एखादे उत्तर तपासायचे राहिले आहे का, एवढेच बघतात. त्याचे शुल्क प्रति विषय 50 रुपये. तपासणीच चुकली असे वाटत असेल तर पुनर्मूल्यांकन हवे, प्रति विषय 300 रुपये. पण त्याआधी त्या विषयाच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत घेणे सक्तीचे आहे आणि तिचे 400 रुपये वेगळे. भरण्यापूर्वी त्या वर्षीच्या प्रकटनातले दर बघून घ्या.

अर्ज कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला करता येतो, मात्र श्रेणी विषयांसाठी, म्हणजे ज्यांत गुणांऐवजी श्रेणी मिळते त्यांसाठी, नाही. गुणपडताळणी आणि छायाप्रतीसाठी मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज करायचा, शुल्कही तिथेच भरायचे. बैठक क्रमांक, ऑनलाइन गुणपत्रिकेची प्रिंट, चालू मोबाइल क्रमांक आणि ई-मेल हाताशी ठेवा. छायाप्रत ई-मेलने, डाउनलोड करून, हस्तपोच किंवा रजिस्टर पोस्टाने मागवता येते. माझे मत विचाराल तर ई-मेल किंवा डाउनलोडच निवडा, पोस्टाची वाट पाहण्यात जीव टांगणीला लागतो.

छायाप्रत हाती आली की घाई करू नका, पण वेळही दवडू नका. मिळाल्यापासून कामकाजाच्या 5 दिवसांत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज विभागीय मंडळाकडे विहित नमुन्यात गेला पाहिजे. आधी पुरवण्या सगळ्या आल्यात का ते मोजा. मग आतल्या पानांवरचे गुण एकेक करून पहिल्या पानावरच्या रकान्यांशी ताडून पाहा. पाच गुणांच्या प्रश्नाचे तीन उपप्रश्न लिहिलेत आणि गुण दोनांचेच दिसतात, असे असेल तर तो मुद्दा प्रश्न क्रमांकासह लिहून काढा. त्यानंतर विषयाच्या सरांना किंवा मॅडमना उत्तरपत्रिका दाखवा. ‘मला जास्त हवे होते’ एवढ्या कारणावर 300 रुपये घालवू नका. प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेचे गुण या उत्तरपत्रिकेत नसतात, त्यामुळे ते कमी पडले असतील तर छायाप्रतीचा उपयोग नाही.

एका गोष्टीची मुलांना फारशी कल्पना नसते. सर्व विषयांत उत्तीर्ण झालेल्यांसाठी श्रेणीसुधार योजना आहे, म्हणजे गुण वाढवण्यासाठी पुन्हा परीक्षा देता येते. फेब्रुवारी-मार्च 2025 च्या विद्यार्थ्यांना लगतच्या तीन परीक्षांच्या संधी दिल्या होत्या: जून-जुलै 2025, फेब्रुवारी-मार्च 2026 आणि जून-जुलै 2026. तिचा अर्ज वेगळा असतो. त्यासाठी आपल्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयात लवकर चौकशी करा.