डिस्कचा आलेख उशिरा आला

पुण्याच्या तपकीर गल्लीत दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या डेस्कटॉपची तक्रार बहुधा ठरलेली: ‘मशीन फार स्लो झालंय, प्रोसेसर बदलून द्या.’ कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा, तर सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, ८ टक्के आणि डिस्क १०० टक्के. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. या गैरसमजामागे थोडा इतिहास आहे.

१९९३च्या विंडोज एनटी ३.१ मध्ये परफॉर्मन्स मॉनिटर होता, पण डिस्कचे काउंटर मुळात बंद ठेवलेले असत. ४८६ वर्गातल्या प्रोसेसरला ती मोजदादसुद्धा जड जाई. ‘डिस्कपर्फ’ कमांड देऊन मशीन रीस्टार्ट केल्यावरच आकडे दिसत. १९९६ मध्ये एनटी ४.० सोबत डेव्ह प्लमर यांनी लिहिलेला टास्क मॅनेजर आला. त्यात आलेख दोनच, सीपीयू आणि मेमरी. विंडोज एक्सपीत नेटवर्कची भर पडली, तर डिस्कसाठी व्हिस्टात रिसोर्स मॉनिटर मिळाला. पण तो उघडून पाहणारे किती? टास्क मॅनेजरमध्येच डिस्क दिसू लागली ती २०१२च्या विंडोज ८ पासून. तोवर सोळा वर्षं लोकांनी हिरवा सीपीयू आलेखच पाहिला होता.

लिनक्सनं हा प्रश्न वेगळ्या अंगानं सोडवला. लोड ॲव्हरेज, म्हणजे मशीनवर सरासरी किती कामं रांगेत आहेत त्याचा आकडा, ही कल्पना टेनेक्स या १९७०च्या दशकातल्या प्रणालीची. तिथं मोजली जात ती सीपीयूची मागणी. १९९३ मध्ये लिनक्समध्ये डिस्कसाठी खोळंबलेल्या प्रोसेसही त्यात धरल्या गेल्या. कारण बिनतोड होतं: स्वॅपसाठी, म्हणजे रॅममध्ये न मावणारा डेटा ठेवायला, असलेली जलद डिस्क काढून संथ डिस्क लावली, की मशीन रखडे आणि लोडचा आकडा मात्र खाली येई. म्हणूनच लिनक्सवर लोड ९ आणि सीपीयू निवांत, असं दृश्य दिसतं. त्यात चूक काही नाही.

विंडोजमधले ते १०० टक्के म्हणजे डिस्क किती वेळ कामात गुंतली होती त्याचं प्रमाण. वेगाशी त्याचा संबंध नाही. ७२०० आरपीएमची डिस्क विखुरलेली वाचनं सेकंदाला साधारण १०० करते. प्रत्येक वाचन ४ केबीचं धरलं, तर हाती येतात जेमतेम ४०० केबी. १०० टक्क्यांशेजारी ०.४ एमबी दिसलं, की म्हणूनच दचकू नये.

पुढचा तपास रिसोर्स मॉनिटरमध्ये. मेमरी टॅबवर हार्ड फॉल्ट (रॅममध्ये नसलेला डेटा डिस्कवरून आणावा लागणं) सेकंदाला शेकड्यांनी आणि सतत येत असतील, तर ४ जीबी रॅम अपुरी पडते आहे. आधी ती वाढवा. फॉल्ट कमी आणि डिस्कसाठी थांबलेल्या कामांची रांग लांब असेल, तर एसएसडी बसवा. रिस्पॉन्स टाइम हजारो मिलिसेकंद आणि वेग शून्य दिसला, तर केबल ढिली किंवा सेक्टर खराब असण्याची शक्यता. अशा वेळी क्लोनिंगच्या, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवण्याच्या, आधी महत्त्वाच्या फायली बाहेर काढून घ्याव्यात.