उपकेंद्रातल्या सीएचओ मॅडम आणि पीएचसीचे डॉक्टर, कुणाकडं कधी जायचं?

आमच्या राधानगरीकडच्या गावात उपकेंद्रातल्या सीएचओ (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर) मॅडमना निम्मं गाव डॉक्टरीणबाई म्हणतंय आणि निम्मं सिस्टर. घोळ होणारच, कारण आपल्या राज्यात सीएचओ कधी नर्सिंग केलेले असतात तर कधी बीएएमएस, आणि वर ६ महिन्यांचा कोर्स झालेला असतो. २०१८ ला आयुष्मान भारत आलं तेव्हा ही पोस्ट सुरू झाली, उपकेंद्राच्या बोर्डावर आता आयुष्मान आरोग्य मंदिर असतंय. पीएचसीचे, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राचे मेडिकल ऑफिसर एमबीबीएस असले तर साडेचार वर्षं शिक्षण आणि वर वर्षभर इंटर्नशिप.

पण खरा फरक डिग्रीपेक्षा कामात आहे. तिशीच्या वरच्या सगळ्यांचं बीपी शुगर तपासायचं, संशयित निघाला की पुढं पाठवायचं, डॉक्टरांनी चालू केलेल्या गोळ्या दर महिन्याला द्यायच्या आणि माणूस आला नाही तर आशाताईंना घरी पाठवायचं, हे सीएचओचं काम. आजार नक्की काय, गोळी कुठली, डोस किती, हे डॉक्टर ठरवणार.

माझ्या आईचंच सांगतो. बीपीची गोळी पीएचसीत चालू झाली, पण तिथं जायचं म्हणजे वडापची वाट बघा, रांगेत बसा, दिवसाची भांगलण बुडाली, मग "आता बरं वाटतंय की" म्हणून तिनं गोळी सोडली. बीपी दुखत नाही ना, तिथंच माणूस फसतंय. उपकेंद्रात गोळ्या मिळायला लागल्या तशी ती नियमित झाली. पुढं पाय सुजायला लागले, अॅम्लोडिपिन या तिच्या बीपीच्या गोळीनं काहींना होतं तसं, तर मॅडमनी स्वतः गोळी बदलली नाही, ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सल्ल्याच्या सेवेवर डॉक्टरांना दाखवलं आणि त्यांनी बदलून दिली. मला हे फार आवडलं, आपलं काम कुठं थांबतंय हे त्यांना पक्कं माहीत होतं.

अमेरिकेतल्या नर्स प्रॅक्टिशनरशी सीएचओची तुलना करतात ती मला पटत नाही. तिथं १९६५ ला कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्स आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी हा कोर्स सुरू केला. आज त्या नर्सना मास्टर्स किंवा त्याच्या वरचं शिक्षण लागतं आणि बऱ्याच राज्यांत त्या स्वतः निदान करून औषध लिहितात. सीएचओला एवढी मोकळीक नाही, आणि ६ महिन्यांच्या कोर्सवर ती मागूही नये असं मला वाटतं.

छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, उसात साप चावला, तर उपकेंद्रात बसून राहू नका, लगेच १०८ ला फोन लावा. बाकी महिन्याच्या गोळ्यांना जाताना जुनी स्ट्रिप तेवढी बरोबर न्या.