मुरूम कुठला, त्यावर मलम कुठलं

आज चेहऱ्यावर दिसलेला मुरूम आज झालेला नसतो. त्याची सुरुवात कित्येक आठवडे आधी, केस ज्या नळीतून वर येतो त्या नळीच्या आत झालेली असते. तिथल्या मृत पेशी एरवी सुट्या होऊन बाहेर पडतात. मुरमाच्या बाबतीत त्या एकमेकींना चिकटून राहतात, तैलग्रंथीतून येणारं तेल म्हणजे सीबम मागे तुंबतं आणि डोळ्यांना न दिसणारं एक बारीक बूच तयार होतं. या बुचाचं तोंड उघडं राहिलं तर ब्लॅकहेड, वर त्वचेचा पडदा राहिला तर व्हाइटहेड. (ब्लॅकहेडचा काळेपणा मळाचा नसतो, मेलॅनिन या त्वचेच्या रंगद्रव्याचा आणि हवा लागून बदललेल्या तेलाचा असतो. तो घासून काढू पाहणारे फक्त त्वचा सोलून घेतात.) तुंबलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू वाढतो. तो प्रत्येकाच्या त्वचेवर असतोच. शरीर त्याच्याविरुद्ध उठलं की जागा लाल होते, सुजते, पू धरते.

म्हणजे पेशींचं चिकटणं, तेल, जिवाणू आणि दाह अशा चार गोष्टी इथे गुंतलेल्या आहेत, आणि सगळ्यांवर सारखंच चालणारं एकही मलम नाही. सीरमच्या बाटल्यांवरची नावं वाचून गोंधळ होतो तो यामुळेच. ‘कोणतं चांगलं?’ हा प्रश्न अर्धवट आहे. आपल्या चेहऱ्यावर बारीक खरखरीत बुचं जास्त आहेत, की लाल पुवाळलेले फोड, की फोड जाऊन उरलेले डाग, हे आधी पाहायला हवं.

बुचं जास्त असतील तर रेटिनॉइडला तोड नाही. ही ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातली औषधं. ती पेशीच्या केंद्रकातल्या ग्राहकांना (रिसेप्टर, म्हणजे संदेश घेणारी प्रथिनं) जाऊन चिकटतात आणि नळीतल्या पेशींची वाढ व गळती पुन्हा वळणावर आणतात, त्यामुळे नवी बुचं धरतच नाहीत. यातलं जुनं औषध ट्रेटिनॉइन. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ ॲल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये मुरमांवरचा त्याचा उपयोग मांडला. (होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर केलेल्या प्रयोगांमुळे क्लिगमन यांचं नाव बदनामही आहे. त्वचाशास्त्राच्या इतिहासाचं हे पान सुखाचं नाही.) ट्रेटिनॉइन काम चोख करतं, पण उजेडात विघटतं आणि त्वचेला बरंच झोंबतं. पुढे आलेलं ॲडापॅलिन मोजक्याच ग्राहकांना चिकटतं, त्यामुळे तुलनेनं सौम्य असतं आणि उजेडातही टिकतं. २०१६ मध्ये अमेरिकेत ०.१ टक्के ॲडापॅलिन जेल डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली.

रेटिनॉइड सोडून देणाऱ्यांपैकी बरेच जण दोन कारणांनी सोडतात. एक, ते फक्त फोडावर ठिपक्यासारखं लावतात. औषध असतं पुढच्या महिन्यात दिसणाऱ्या मुरमांसाठी, त्यामुळे ते मुरूम उठणाऱ्या सबंध भागावर पातळ पसरावं लागतं. अख्ख्या चेहऱ्याला मटारच्या दाण्याएवढं जेल पुरतं. दोन, पहिल्या काही आठवड्यांत त्वचा कोरडी पडते, सोलवटते, आणि माणूस घाबरतो. सुरुवातीला एक रात्र आड लावलं आणि जोडीला साधं मॉइश्चरायझर ठेवलं तर हा काळ निभावतो. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात, त्याआधी निकाल लावण्यात अर्थ नाही. गरोदरपणात किंवा मूल होऊ देण्याचा विचार असताना मात्र रेटिनॉइड टाळतात.

लाल, पुवाळलेले फोड जास्त असतील तर बेंझॉइल पेरॉक्साइड. ते त्वचेत शिरून ऑक्सिजनचे आक्रमक मूलक (फ्री रॅडिकल) सोडतं आणि जिवाणू मरतात. हा मारा जिवाणूच्या एखाद्याच प्रथिनावर नसतो, त्याच्यावर चौफेर असतो, म्हणून इतकी दशकं वापरूनही जिवाणूंनी याला दाद न देण्याची युक्ती शोधलेली नाही. क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकांच्या मलमांचं तसं नाही. ती एकटी वापरली की काही काळानं जिवाणू निर्ढावतात, म्हणून त्यांच्या जोडीला बेंझॉइल पेरॉक्साइड हवंच.

इथे टक्केवारीचा मोह आवरावा. २.५, ५ आणि १० टक्के अशा तीन मात्रांची तुलना झाली तेव्हा दाहक फोड कमी करण्यात २.५ टक्के जवळजवळ १० टक्क्यांइतकंच उपयोगी ठरलं. जळजळ मात्र १० टक्क्यांत जास्त. शिवाय हे रसायन टॉवेल, उशीचे अभ्रे आणि शर्टाच्या कॉलरींचा रंग उडवतं, आणि ट्यूब उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवण्यासारखी नाही, कारण उष्णतेनं त्याचं विघटन होऊन बेंझीन तयार होऊ शकतं. जुन्या पद्धतीच्या ट्रेटिनॉइनचाही ते नाश करतं, म्हणून ती दोन एकावर एक लावत नाहीत. ॲडापॅलिनशी त्याचं जमतं. दोघांचं एकत्र जेलही मिळतं, आणि मिश्र स्वरूपाच्या मुरमांसाठी मला तीच जोडी सर्वांत शहाणपणाची वाटते.

सॅलिसिलिक आम्लाला लायकीपेक्षा जरा जास्तच मान मिळतो. ते तेलात विरघळतं, नळीच्या तोंडाशी चिकटलेल्या पेशी सैल करतं, ०.५ ते २ टक्क्यांत बहुतेकांना सोसतं. सौम्य ब्लॅकहेडसाठी ठीक. पण त्याच्यामागचा पुरावा वरच्या दोघांइतका भक्कम नाही, आणि फेसवॉशमधून ते काही सेकंदांत धुऊनही जातं. निआसिनामाइड दाह थोडा कमी करतं आणि त्वचेचं आवरण सांभाळतं. सोबतीला चांगलं, एकट्याच्या भरवशावर राहू नये.

डागांचा प्रश्न असेल तर ॲझेलेइक आम्ल. याची हकिकत गमतीची आहे. शिबं उठलेल्या त्वचेवर फिकट चट्टे का पडतात, याचा शोध घेताना संशोधकांचं लक्ष मॅलॅसेझिया या बुरशीनं तयार केलेल्या या आम्लाकडे गेलं. रंगद्रव्य बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराला (एन्झाइमला) ते अडवतं. पुढे दिसलं की ते मुरमांच्या जिवाणूलाही आवरतं आणि पेशींचं चिकटणंही कमी करतं. १५ ते २० टक्क्यांत मिळणारं हे औषध सावकाश काम करतं, लावल्यावर थोडी खाज सुटते, पण सावळ्या त्वचेवर फोडामागे राहणाऱ्या काळपट डागांसाठी आणि गरोदरपणातल्या मुरमांसाठी त्याच्यासारखं दुसरं पटकन सुचत नाही.

कपाळावर एकसारख्या आकाराच्या, खूप खाजणाऱ्या बारीक पुळ्या असतील तर थांबावं. तो बहुधा मुरूमच नसतो. त्याच मॅलॅसेझियामुळे केसांच्या नळ्या सुजलेल्या असू शकतात, आणि प्रतिजैविकांनी तो त्रास उलट वाढतो.

या सगळ्यात तेल मात्र तसंच राहिलं. वरचं एकही औषध ग्रंथीतून येणारं सीबम म्हणावं तसं कमी करत नाही. तेलाची चावी अँड्रोजन या पुरुषी संप्रेरकांकडे (ती बायकांच्याही शरीरात असतात) असते, आणि त्वचेतच त्यांची वाट अडवणारं क्लास्कोटेरोन हे मलम अमेरिकेत मंजूर व्हायला २०२० साल उजाडलं. ज्यांना खोलवर दुखऱ्या गाठी येतात, खड्डे पडतात, त्यांच्यापर्यंत मात्र यातलं कुठलंच मलम पुरेसं पोचत नाही. तिथे पोटात घ्यायची औषधं लागतात, आणि ती त्वचारोगतज्ज्ञांनीच ठरवायची असतात.