सोडियम दिव्याखालील रोपवाढ

सोडियम दिव्याखालील रोपवाढ : जिनिंग-प्रेसिंग, धानगिरण्या, गोदामे, खाणींची आवारे आणि रस्त्यांवरचे खांब यांवरून उतरवलेला उच्च दाबाचा सोडियम बाष्पदिवा त्याच्या चोक-इग्नायटरसह (प्रवाह आवरणाऱ्या आणि दिवा पेटवणाऱ्या साधनांसह) घरात बसवायचा आणि त्याच्या पिवळ्या उजेडात भाजीपाल्याची रोपे वाढवायची, अशी ही पद्धत आहे. विदर्भात उन्हाची वाण नाही. त्यामुळे येथे हा दिवा सूर्याची जागा घेण्यासाठी नसतो. थंडीत रोपे धरणे, पावसाळ्याच्या झडीत ती जगवणे आणि रोही (नीलगाय) आणि डुकरे यांच्या तोंडातून कोवळा पाला वाचवणे एवढेच त्याचे काम, आणि तेवढे तो चांगले करतो. त्याच्याकडून टोमॅटोचे तोडे मागणाऱ्याची मात्र निराशा होते.

हे दिवे भंगारात येण्याचे कारण एलईडी. ५ जानेवारी २०१५ रोजी पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि नगरपरिषदांच्या खांबांवरचे सोडियम दिवे उतरू लागले. कारखान्यांच्या उंच छतांवरचे ॲल्युमिनियमच्या घुमटाचे दिवेही त्याच सुमारास बदलत गेले. कबाड्याकडे घुमट ॲल्युमिनियमच्या भावाने आणि चोक तांब्याच्या भावाने विकला जातो, बल्बला तर किंमतच नसते. म्हणून पूर्ण संच हवा असेल तर तो फुटण्याआधी, जागेवरूनच घ्यावा. विजेच्या उजेडात झाडे वाढवण्याची कल्पना मात्र जुनी आहे : अभियंते विल्यम सीमेन्स यांनी १८८० मध्ये इंग्लंडात विद्युतकमानीच्या दिव्यावर असे प्रयोग केले होते. उच्च दाबाचा सोडियम दिवा १९६० च्या दशकात बाजारात आला आणि पुढे युरोपातील हरितगृहांत अनेक दशके तोच मुख्य दिवा राहिला.

मर्क्युरी (पाऱ्याच्या वाफेचा) आणि मेटल हॅलाइड हे दिसायला जवळचे दिवे असल्याने दिवा ओळखताना चूक होते. सोडियमच्या बल्बची बाहेरची काच बहुधा स्वच्छ असते आणि आत पेन्सिलीएवढी बारीक, दुधट पांढरी नळी दिसते. मर्क्युरीच्या बल्बला आतून पांढरी भुकटी लावलेली असते. त्याचा उजेड रोपांना फारसा उपयोगी नाही, पण किडी खेचतो, म्हणून शेतातल्या प्रकाशसापळ्यासाठी तो ठेवावा. मेटल हॅलाइडच्या दिव्यात निळा भाग भरपूर असल्याने तो रोपांना उत्तम. मात्र त्याची आतली क्वार्ट्‌झची नळी आयुष्याच्या शेवटी फुटू शकते, म्हणून पुढे काच असलेल्या बंद पेटीतच तो वापरावा. मर्क्युरी असो की मेटल हॅलाइड, बाहेरची काच तडकल्यावरही आतली नळी पेटत राहिली तर घातक अतिनील किरणे बाहेर पडतात. असा दिवा डोळ्यांना आणि कातडीला भाजतो. तो ताबडतोब काढून टाकावा.

वनस्पती ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर अन्न तयार करतात. हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश अधिक शोषते, म्हणून पिवळा उजेड वाया जातो असा समज पसरला आहे. तो बरोबर नाही. संशोधक के. जे. मॅक्री यांनी १९७२ मध्ये अनेक पिकांच्या पानांवर केलेल्या मोजणीत दिसले की पिवळा-नारिंगी प्रकाशही पान चांगलाच वापरते, आणि सोडियम दिव्याचा बहुतेक उजेड त्याच पट्ट्यात येतो. उणीव आहे ती निळ्याची. निळा भाग फार तर पाच टक्क्यांच्या आसपास असल्याने रोपे लांबुडकी, बारीक दांड्याची होतात आणि वाफ्यात लावल्यावर कलतात. पूर्वेच्या खिडकीशेजारी ट्रे ठेवणे किंवा बाजूला साधे पांढरे एलईडी बल्ब लावणे एवढ्याने हा दोष बराच कमी होतो. दुसरी अडचण पाहण्याची. या उजेडात सगळीच पाने पिवळट करडी दिसतात, त्यामुळे पिवळी पडलेली किंवा मावा लागलेली पाने लक्षात येत नाहीत. रोज एकदा पांढऱ्या टॉर्चने पानांची खालची बाजू पाहावी लागते.

उजेड किती मिळतो, याचा हिशेब करून पाहावा. २५० वॅटचा चांगल्या स्थितीतला दिवा सुमारे २७,००० लुमेन (डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाचे माप) देतो. वनस्पतींच्या मापात, म्हणजे प्रकाशकणांच्या मोजणीत, तो सेकंदाला सुमारे ३३० मायक्रोमोल होतो. घुमट धुतलेला असेल आणि भिंतींना चुन्याची सफेदी असेल, तर त्यातला दोन-तृतीयांश भाग एक चौरस मीटर जागेवर पडतो असे धरता येते, म्हणजे २२० मायक्रोमोल. मोबाइलमधल्या लक्समापकावर (लक्स म्हणजे दर चौरस मीटरवरचे लुमेन) हा आकडा १८,००० लक्सच्या आसपास दिसतो, कारण सोडियमच्या उजेडात ८२ लक्स म्हणजे एक मायक्रोमोल. बारा तासांत असे साडेनऊ मोल (एक मोल म्हणजे दहा लाख मायक्रोमोल) प्रकाश जमतो. विदर्भातले मे महिन्याचे उघडे ऊन दिवसाला चाळीसच्या वर मोल देते. भाजीच्या रोपांना दहा-बारा मोल पुरतात, फळधारणेला त्याच्या दुपटी-तिपटीने लागतात. रोपांसाठी हा दिवा चालतो आणि फळांसाठी नाही, याचे कारण या आकड्यांतच आहे.

जोडणी : सोडियम दिवा थेट विजेवर लावता येत नाही. चोक प्रवाहाला आवर घालतो आणि इग्नायटर पेटवताना काही हजार व्होल्टचे झटके देतो. कंडेन्सर पुरवठ्याच्या दोन तारांत समांतर जोडतात. २५० वॅटच्या संचात तो साधारण ३३ मायक्रोफॅरडचा असतो. तो नसला तरी दिवा पेटतो, पण तारांतून विनाकारण दुप्पट प्रवाह वाहतो. चोक आणि बल्ब एकाच जातीचे व एकाच वॅटचे असावेत. मर्क्युरीच्या चोकवर सोडियमचा बल्ब लावणे ही खेड्यांत सर्रास घडणारी चूक आहे. नेहमीच्या तीन टोकांच्या इग्नायटरमधून उच्च व्होल्टची तार होल्डरच्या मधल्या टोकाला यावी, आट्यांना नाही, आणि इग्नायटर दिव्याच्या जवळच बसवावा, कारण लांब तारेत झटका विरून जातो. होल्डर चिनी मातीचाच हवा. घुमटाच्या आतली तार उष्णता सोसणाऱ्या आवरणाची हवी, प्लॅस्टिकची वितळते. घुमटाला आणि चोकच्या पेटीला अर्थिंग द्यावे. ते जमिनीत खरोखर पोचते आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे, कारण जुन्या घरांत तिसरी पिन पुष्कळदा नावापुरती असते. वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये भार शिल्लक राहू शकतो, म्हणून उघड्या टोकांना हात लावू नये. फुगलेला किंवा तेल गळणारा कंडेन्सर कितीही जुना आणि ‘मजबूत’ असला तरी फेकावा.

दिवा पूर्ण तेजाने पेटायला चार-पाच मिनिटे लागतात. लाइन जाऊन परत आली, तर सोडियम दिवा एक-दोन मिनिटे थंड होऊन पुन्हा पेटतो. मेटल हॅलाइडला दहा-पंधरा मिनिटे लागतात. अर्ध्या तासाच्या अंधाराने रोपांचे काही बिघडत नाही. दिवा पेटून काही वेळाने आपोआप विझत असेल आणि पुन्हा पेटत असेल, तर तो म्हातारा झाला असे समजावे आणि बदलावा. विजेचा दाब कमी असलेल्या गावठाण फीडरवर (गावच्या वस्तीला वीज देणाऱ्या वाहिनीवर) मात्र चांगला दिवाही असा विझतो, कारण दाब थोडा घसरला की उजेड त्याहून बराच जास्त घसरतो. रात्री दहानंतर दाब सावरतो, हा बहुतेक गावांचा अनुभव.

जागा : या पद्धतीतला सर्वांत गंभीर धोका विदर्भाचा स्वतःचा आहे. भाव मिळेपर्यंत कापूस घरातच भरून ठेवण्याची येथे रीत आहे. माजघर, माडी, सपरी, जिथे जागा असेल तिथे तो छतापर्यंत रचलेला असतो. पेटलेल्या सोडियम बल्बची काच तीनशे अंश सेल्सियसच्या पुढे तापू शकते. ज्या खोलीत कापूस आहे त्या खोलीत हा दिवा लावूच नये, आणि शेजारच्या खोलीतूनही रुईचा तूस उडून येत असेल तर दार बंद ठेवावे. जिनिंगमधून आणलेल्या घुमटाच्या कानाकोपऱ्यांत तूस चिकटलेला असतोच. पहिल्यांदा पेटवण्यापूर्वी तो साबणाने धुवून पुरता वाळवावा. कुडाच्या भिंती, गवताचे छप्पर, कोठ्यातला कडबा आणि कुटार (भुसा) यांच्याजवळही हेच लागू आहे. दिवा सुतळीवर टांगू नये, साखळीवर टांगावा. तापलेल्या काचेवर फवाऱ्याचा एक थेंब पडला तरी ती तडकू शकते, म्हणून पाणी झारीने आणि दिवा थंड झाल्यावरच द्यावे.

खोली म्हणून पश्चिम विदर्भातली धाब्याची घरे उत्तम. मातीच्या जाड भिंती आणि मातीचे छत यांमुळे आतले तापमान सावकाश बदलते. पूर्वेकडच्या कवेलूच्या (कौलांच्या) घरांत फटींतून हवा खेळते, ते पावसाळ्यात बरे आणि थंडीत नाही. टिनाच्या खोलीचा विचारच करू नये.

चोकसह २५० वॅटचा दिवा सुमारे २८० वॅट वीज घेतो, आणि ती जवळपास सगळी शेवटी खोलीत उष्णता होऊन उतरते. याच एका गोष्टीवर हंगाम ठरतो. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० ते १२ अंशांवर येतो तेव्हा मिरचीचे बी दिवसेंदिवस निजून राहते, कारण त्याला उगवायला २५ ते ३० अंश लागतात. त्या वेळी दिव्याची उष्णता उजेडाइतकीच कामाची ठरते. उन्हाळी मिरची, वांगी आणि भेदरं (टोमॅटो) यांची रोपे याच काळात धरतात. मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असताना, दिवा लावायचाच तर रात्री आठ ते सकाळी आठ. रोपाला घड्याळ कळत नाही, सलग उजेड आणि सलग अंधार मिळाला की झाले. तरी अशा महिन्यांत कूलर चालवून सांबार (कोथिंबीर) पिकवण्यात फायदा नाही, मग लग्नसराईत त्याला कितीही भाव असो.

ट्रेपासून दिवा पाऊण ते एक मीटर उंच ठेवतात. रोपांच्या शेंड्याच्या पातळीवर हाताची पाठ मिनिटभर धरावी. चटका वाटला तर दिवा वर घ्यावा. पालक आणि सांबार ही लांब दिवसाची पिके आहेत. त्यांना चौदा-पंधरा तास उजेड दिला तर ती फुलोऱ्यावर जातात आणि पाला राठ होतो, म्हणून बारा तासांवर थांबावे. याच्या नेमके उलट सोयाबीनचे : दिवस लांबला की त्याचा फुलोरा लांबणीवर पडतो. गार्नर आणि ॲलर्ड या अमेरिकी संशोधकांनी १९२० मध्ये दिवसाच्या लांबीचा फुलोऱ्यावरचा परिणाम सिद्ध केला, तेव्हा त्यांच्या प्रयोगात तंबाखूबरोबर सोयाबीनही होते. रस्त्याच्या दिव्याखाली येणारे सोयाबीनचे तास (ओळ) बाकीचे शेत पिवळे पडले तरी हिरवेच राहते, ते यामुळे. रोपांच्या खोलीची खिडकी शेताकडे उघडत असेल, तर खरिपात तिला रात्री पोते लावावे.

एक चौरस मीटरमध्ये ९८ कप्प्यांचे सहा प्रो-ट्रे बसतात, म्हणजे ५८८ रोपे. ६० × ४५ सेंमी. अंतराने मिरची लावली तर एवढी रोपे दीड गुंठ्याला होतात. एका एकराला सुमारे पंधरा हजार रोपे लागतात, त्यामुळे एका दिव्यावर एकराचे स्वप्न पाहू नये. परसातली वाडी आणि शेजाऱ्याला द्यायची चार रोपे एवढीच त्याची कुवत. बारा तासांप्रमाणे दिवा दिवसाला ३.३६ युनिट खातो, चार आठवड्यांत ९४ युनिट. घरगुती वीजदराचा पहिला टप्पा १०० युनिटांचा असल्याने ही भर बहुतेक घरांना पुढच्या, महागड्या टप्प्यात नेते. तेवढाच उजेड रोपांच्या एलईडी दिव्यावर सुमारे १०० वॅटमध्ये मिळतो. म्हणून वर्षभर रोपे करणाऱ्याने जुन्या दिव्याच्या मोहात न पडता एलईडी घ्यावा. वर्षातून एकदा, थंडीच्या महिन्यात रोपे धरणाऱ्या घराला मात्र फुकट मिळालेला सोडियम दिवा परवडतो, कारण त्या महिन्यात त्याची उष्णताही वाया जात नाही.

सोडियमच्या बल्बमध्येही थोडा पारा असतो. तो घरात फुटला तर खिडक्या उघडून पंधरा मिनिटे बाहेर थांबावे, झाडू न मारता तुकडे जाड कागदाने उचलावेत आणि झाकणाच्या बरणीत भरावेत. पारायुक्त दिवे ई-कचरा नियमांत मोडतात. उकिरड्यावर टाकलेला बल्ब शेणखतातून पुन्हा त्याच वाडीत येतो.